टायटनवरील सरोवरे : एका नकाशाची कथा

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त मिहान परिसरात आयोजित कौटुंबिक आकाशदर्शन मेळाव्यात डिसेंबर २०२५ मध्ये दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वीच आटोपून आपण सर्व या मोकळ्या पटांगणावर जमलो आहोत. एका बाजूस वर्धा रस्त्यावरील वाहनांची वर्दळ आहे, दुसऱ्या बाजूस विमानतळाचे दिवे आहेत. तरीही इतवारीतील आपल्या गच्च्यांवरून जेवढे तारे दिसतात त्याहून बरेच अधिक येथे दिसत आहेत. युवक मंडळाने जी दुर्बीण उभारली आहे ती शनी ग्रहाकडे रोखलेली आहे. दक्षिणेकडे तोंड करून मान बरीच वर केली, की न लुकलुकणारा जो पिवळसर ठिपका दिसतो तोच शनी. त्याची प्रसिद्ध कडी यंदा फार नाजूक, एखाद्या रेषेसारखी दिसतील, कारण या वर्षी त्यांची कड आपल्याकडे वळलेली आहे. मात्र त्या रेषेवर समाधान मानून दुर्बिणीपासून दूर होऊ नये. शनीपासून थोड्या अंतरावर एक मंद बिंदू दिसेल. तो शनीचा सर्वांत मोठा चंद्र, टायटन. त्या बिंदूवर सरोवरे आहेत, समुद्र आहेत, त्यांना मिळणाऱ्या नद्या आहेत. त्यांचा नकाशा माणसाने कसा काढला, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी. खगोलशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की गेली पंचेचाळीस वर्षे या एका चंद्राविषयी जे जे वाचनात आले ते मी एका वहीत टिपून ठेवीत आलो आहे. १२ नोव्हेंबर १९८० रोजी व्हॉयेजर-१ हे यान टायटनजवळून गेले तेव्हा मी बी.कॉम.च्या वर्गात होतो. वाचनालयात एका नियतकालिकात त्याचे छायाचित्र पाहिले आणि निराशा झाली. छायाचित्रात एक नारिंगी गोळा होता. ना डोंगर, ना खड्डा, ना रेषा. एवढ्या दूर जाऊन केवळ धुके टिपून आणले, असे त्या वयात वाटले. त्या धुक्याखाली काय असेल हा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही.

प्रथम या चंद्राची थोडी ओळख. २५ मार्च १६५५ रोजी हॉलंडच्या ख्रिस्तियान ह्युजेन्स याने तो शोधला. त्याचा व्यास सुमारे ५,१५० किलोमीटर, म्हणजे बुध ग्रहापेक्षाही तो मोठा. साधारण सोळा दिवसांत तो शनीभोवती एक फेरी पूर्ण करतो. १९४४ मध्ये जेरार्ड कायपर यांनी त्याच्याभोवती मिथेन वायू असल्याचे दाखविले. पुढे कळले की तेथील हवा आपल्याप्रमाणेच मुख्यतः नायट्रोजनची असून तिचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या जवळजवळ दीडपट आहे. तापमान मात्र उणे १७९ अंश सेल्सिअस. या थंडीत पाण्याचा दगड होतो आणि आपण वाहनांत भरतो त्या सीएनजीतील मुख्य घटक, म्हणजे मिथेन, द्रवरूप होतो. उणे १६१ अंशांच्या आसपास मिथेन उकळते आणि उणे १८२ च्या आसपास गोठते. टायटनचे तापमान नेमके या चिंचोळ्या पट्टीत बसलेले आहे. म्हणून तेथे मिथेनचे ढग बनतात, मिथेनचा पाऊस पडतो, मिथेनच्या नद्या वाहतात. कोणी व्यापारी बंधू मनात हिशेब करू लागले असतील, तर आधीच सांगतो की तेथील इंधनाचा साठा पृथ्वीवरील ज्ञात तेल-वायूच्या कितीतरी पट असला तरी तो तेथे पेटणार नाही. हवेत प्राणवायूच नाही.

आता नकाशाकडे वळू. आपल्या मंदिरांतून जंबूद्वीपाचे आणि लवणसमुद्राचे पट आपण बालपणापासून पाहत आलो आहोत. त्यामुळे द्वीप व समुद्र यांचे रेखाटन आपल्याला परके नाही. त्या पटांविषयी बोलणे हा महाराजसाहेबांचा अधिकार आहे, माझा नव्हे. मी मोजणीच्या नकाशाविषयी बोलणार आहे. आपल्या विदर्भातील लोणारचे उदाहरण घ्या. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या विवराची नोंद केली. पुढे लोकांनी काठाकाठाने फिरून घेर मोजला, पाण्यात उतरून खोली पाहिली, खडकांचे नमुने नेले, आणि १९७३ मध्ये ते उल्कापाताने झालेले विवर असल्याचे शास्त्रीय पुराव्यांनिशी प्रसिद्ध झाले. जागेवर जाऊन हात लावण्याची सोय असतानाही दीडशे वर्षे लागली. टायटन तर सव्वाशे कोटी किलोमीटरपेक्षाही दूर आहे आणि वर ते नारिंगी धुके. तेथे काठाने कोण फिरणार आणि दोर कोण सोडणार?

त्यामुळे आधी तर्क झाले, आणि ते पुष्कळसे चुकले. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून येथे थोडा थांबतो. सूर्यप्रकाशाने टायटनवरील मिथेन सतत विघटित होत राहते व त्यापासून इथेन तयार होते. एवढे इथेन युगानुयुगे साठत गेले असेल, तर संपूर्ण चंद्रावर सुमारे एक किलोमीटर खोलीचा एकच समुद्र पसरलेला असावा, असे गणित ल्युनाइन, स्टीव्हन्सन आणि युंग या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडले. गणितात खोट काढावी असे काही नव्हते. परंतु १९९० च्या सुमारास पृथ्वीवरून सोडलेल्या रडारलहरी टायटनवर आदळून परत आल्या, तेव्हा त्यांची तीव्रता अखंड समुद्राशी जुळेना. समुद्राऐवजी सरोवरे असतील, अशी तडजोड झाली. २००३ मध्ये अरेसिबो येथील प्रचंड दुर्बिणीने विषुववृत्ताजवळच्या भागातून आरशासारखे चकचकीत प्रतिध्वनी टिपले आणि सरोवरे सापडल्यासारखे सर्वांना वाटले. कॅसिनी यान प्रत्यक्ष तेथे पोहोचले, तेव्हा त्या ठिकाणी सरोवर नव्हते. कोरडी सपाट भूमी होती. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स हे उपयान हवाई छत्रीने खाली उतरले. ते द्रवात पडून तरंगेल ही शक्यताही त्याच्या रचनाकारांनी गृहीत धरलेली होती. ते उतरले ओलसर वाळूसारख्या जमिनीवर, आणि आसपास बर्फाचे गोटे होते. नदीसारखे फाटे वरून दिसले, पण त्यांत द्रव दिसला नाही.

थोडक्यात, वीस-बावीस वर्षे ज्याची वाट पाहिली तो माल गोदामात नव्हताच.

कॅसिनी यान १५ ऑक्टोबर १९९७ रोजी पृथ्वीवरून निघाले आणि १ जुलै २००४ रोजी शनीभोवती स्थिर झाले. अमेरिकेची नासा, युरोपीय अंतराळ संस्था आणि इटलीची अंतराळ संस्था यांचा हा संयुक्त प्रकल्प होता. यानाला टायटनभोवती फिरत राहता येत नव्हते. ते शनीभोवती फिरे व मध्येच टायटनच्या जवळून झपाट्याने निघून जाई. अशा १२७ भेटी ठरवून झाल्या. प्रत्येक भेटीत काही तासांचा अवधी आणि अनेक उपकरणे आपापली पाळी मागणारी. चार मीटर व्यासाची एकच तबकडी रडारसाठीही वापरायची आणि पृथ्वीशी बोलण्यासाठीही. त्यामुळे आधी मोजायचे, साठवायचे आणि मग पृथ्वीकडे तोंड फिरवून सगळे सांगायचे. सांगितलेले येथे पोहोचण्यास सव्वा तासाच्या आसपास लागे.

हे रडार काय पाहते, ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगितले तर पटकन ध्यानात येईल. ते रंग पाहत नाही, पोत पाहते. आम्ही डोळे मिटून बोटांनी सांगतो की हे साटीन आणि ही खादी. तसेच रडार सव्वादोन सेंटिमीटर लांबीच्या लहरींनी पृष्ठभाग चाचपते. खडबडीत जमिनीवरून लहर चहूकडे उधळते आणि तिचा काही अंश यानाकडे परत येतो. ती जागा चित्रात उजळ दिसते. गुळगुळीत पृष्ठभागावरून लहर तिरकी घसरून पुढे निघून जाते, परत काहीच येत नाही. ती जागा काळी दिसते. पावसाळ्यात रात्री वर्धा रस्त्यावरून गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव घेतला आहे. कोरडा डांबरी रस्ता आपल्या दिव्यांत नीट दिसतो; तोच भिजला की काळा पडतो आणि दिव्यांचा प्रकाश जणू कोणी गिळून टाकतो. प्रकाश गिळला जात नाही, तो पुढे फेकला जातो.

या रडारची चित्रे लांबच लांब पट्ट्यांच्या स्वरूपात येत. पन्हा १२० ते ४५० किलोमीटर आणि लांबी काही हजार किलोमीटर. अशा पट्ट्या एकमेकींना जोडून नकाशा शिवला गेला. कोठे जोड जमला, कोठे पट्टीवर पट्टी आली, कोठे मध्ये रिकामी जागाच राहिली. बारकावा किती, तर उत्तम चित्रात एक ठिपका म्हणजे सुमारे साडेतीनशे मीटर. त्याचा अंदाज यावा म्हणून मी एक हिशेब मांडला. आपण जेथे बसलो आहोत त्या मिहानचे क्षेत्र ढोबळमानाने चार हजार हेक्टर धरू. एवढ्या मिहानचे त्या नकाशात सव्वातीनशे ठिपके होतील. येथील एम्सचा दीडशे एकरांचा परिसर म्हणजे पाच ठिपके. आपल्या विमानतळाची ३,२०० मीटरची धावपट्टी नऊ ठिपक्यांएवढी लांब, पण रुंदीने ठिपक्याचा अंशसुद्धा नाही. आणि लोणारचे सरोवर आडवे जेमतेम तीन-चार ठिपके. तेवढ्या ठिपक्यांवरून ‘हे तळे आहे’ असे म्हणण्यास किती धीर लागेल, याची कल्पना करावी.

तो धीर २००६ मध्ये आला. आधी २००५ च्या जूनमध्ये दक्षिण ध्रुवाजवळ पावलाच्या ठशासारखा, सुमारे २३५ किलोमीटर लांबीचा एक काळा डाग कॅमेऱ्याने टिपला होता. त्याला ऑन्टारिओ असे नाव मिळाले, पण ते द्रव आहे असे ठामपणे म्हणता येईना. २१-२२ जुलै २००६ च्या भेटीत रडारने उत्तर ध्रुवाकडील पट्टी टिपली. तेथे तेव्हा कित्येक वर्षांची हिवाळी रात्र चालू होती. कॅमेऱ्याचा उपयोग नव्हता, रडारला मात्र उजेडाची गरज नसते. त्या पट्टीत पंचाहत्तरांहून अधिक काळेभोर डाग दिसले. काही पूर्ण भरल्यासारखे, काही अर्धे, काहींना येऊन मिळणारे नागमोडी फाटे. एलन स्टोफन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध केले.

आम्हा हिशेबाच्या माणसांना येथे एक शंका येणे साहजिक आहे. काळे म्हणजे गुळगुळीत, हे मान्य. पण गुळगुळीत म्हणजे द्रव कशावरून? वहीत नोंद झाली, पावती कोठे आहे? शास्त्रज्ञांनाही अरेसिबोचा अनुभव ताजा होता आणि त्यांनी पावत्या जमविल्या. २००८ मध्ये दुसऱ्या एका उपकरणाने, परावर्तित प्रकाशाचे पृथक्करण करून, ऑन्टारिओमध्ये द्रवरूप इथेन असल्याचे दाखविले. मग उत्तरेकडे हळूहळू सूर्य उगवू लागला आणि ८ जुलै २००९ रोजी उत्तरेतील एका सरोवरावरून सूर्यकिरण थेट आरशासारखा परावर्तित होऊन कॅसिनीच्या उपकरणात चमकला. फुटाळ्यावर मावळतीच्या वेळी पाण्यावर जी तिरीप दिसते, तीच ती. एका परक्या जगावरील द्रवावर चमकलेले ऊन मानवाने त्या दिवशी प्रथमच टिपले. १९८० च्या त्या नारिंगी गोळ्याने माझी जी निराशा केली होती ती हे चित्र पाहून फिटली. त्या दिवशी दुकानात मी ते चित्र येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखविले, आणि एका गृहस्थांनी परकराच्या कापडाचा भाव विचारून विषय संपविला, तेही सांगितले पाहिजे.

पुढच्या वर्षांत नकाशा भरत गेला. सर्वांत मोठ्या समुद्रास क्राकेन, दुसऱ्यास लिजिया, तिसऱ्यास पुंगा अशी नावे आहेत. समुद्रांना पुराणकथांतील सागरी प्राण्यांची आणि सरोवरांना पृथ्वीवरील सरोवरांची नावे द्यावीत असा संकेत आहे. त्यात आपल्या मणिपूरचे लोकटक आहे. कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या यादीत आपले कच्छचे रणही आहे. सभेतील कच्छी बंधूंनी याची नोंद घ्यावी. क्राकेनचे क्षेत्र सुमारे चार लाख चौरस किलोमीटर; महाराष्ट्राचे तीन लाख आठ हजार. लिजिया सव्वा लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या विदर्भाहून मोठा. टायटनवरील जवळजवळ सर्व द्रव उत्तर ध्रुवाभोवतीच्या ९०० गुणिले १,८०० किलोमीटरच्या एका तुकड्यात साठलेला आहे. दक्षिणेत फार थोडी सरोवरे आहेत आणि मधल्या प्रदेशात वाळूच्या टेकड्या आहेत. असे का, याची कारणे ऋतुचक्रात शोधली जात आहेत.

एवढा हा नकाशा लांबी-रुंदीचा झाला. सरोवराला खोली असते, ती कशी मोजावी?

याचे उत्तर येथून हाकेच्या अंतरावर आहे. मिहानमध्ये विमानांची देखभाल व दुरुस्ती होते. तेथे काम करणारे आपले तरुण सांगतील की विमान उतरताना जमीन किती खाली आहे हे सांगणारे एक यंत्र विमानाच्या पोटात असते. ते खाली रेडिओलहर सोडते आणि ती परत येण्यास किती वेळ लागला त्यावरून उंची सांगते. कॅसिनीचे रडारही सरळ खाली रोखले की हेच काम करी. २३ मे २०१३ रोजी ते लिजिया समुद्रावरून असे मोजीत गेले. त्या मोजणीची आकडेवारी इटलीच्या मार्को मास्त्रोजुसेप्पे या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी पुन्हा बारकाईने तपासली, तेव्हा एका लहरीचे दोन प्रतिध्वनी आढळले. पहिला ठळक, समुद्राच्या पृष्ठभागावरून. दुसरा अत्यंत क्षीण, सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाहून किंचित उशिरा आलेला. तो समुद्राच्या तळावरून आला होता. त्या उशिराचे मोजमाप करून लिजियाची त्या मार्गावरील कमाल खोली निघाली, सुमारे १६० मीटर.

हे अंबाझरीवर करता येणार नाही. पाणी अशी लहर वरच्या वरच शोषून घेते. द्रवरूप मिथेन मात्र तिला जवळजवळ पारदर्शक असते. आणि यातच दुसरी गोष्ट हाती लागली. लिजियातून लहर एवढी कमी क्षीण होऊन परतली, त्याअर्थी तो समुद्र मुख्यतः मिथेनचा आहे, अपेक्षेप्रमाणे इथेनचा नव्हे. एका क्षीण प्रतिध्वनीने खोलीही सांगितली आणि घटकही. ज्या यंत्राकडून हे काम करून घेण्याचा मूळ हेतूच नव्हता, त्याच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासून हे मिळाले. जुन्या वह्या रद्दीत देणाऱ्यांनी विचार करावा.

त्याच दिवशीच्या मोजणीत लिजियाला मिळणाऱ्या एका नदीचीही दरी मोजली गेली. नदीचे नाव विद, लांबी चारशे किलोमीटरहून अधिक, आणि दरी काही ठिकाणी पाचशे मीटरपेक्षा खोल. तळाशी द्रव भरलेला. तिन्ही समुद्रांची पातळी एकच असल्याचे २०१७ पर्यंत स्पष्ट झाले, लहान सरोवरे मात्र त्यांच्यापेक्षा शेकडो मीटर उंचावर बसलेली आहेत. २२ एप्रिल २०१७ च्या शेवटच्या भेटीत अशा लहान सरोवरांचीही खोली पाहिली गेली आणि काही शंभर मीटरहून खोल निघाली.

क्राकेनची पाळी २१ ऑगस्ट २०१४ रोजी आली होती. उत्तर टोकाच्या एका आखातात खोली ८५ मीटर भरली. यान मुख्य समुद्रावर आले आणि तळाचा प्रतिध्वनी आलाच नाही. तो समुद्र शंभर मीटरहून कितीतरी खोल असावा, तीनशे मीटरही असू शकेल, किंवा त्यातील द्रव लहर अधिक शोषून घेणारा असेल. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे असेच, उघडपणे लिहिलेले आहे. आपण व्यवहारात म्हणतो की अमक्याच्या मनाचा तळ लागत नाही. येथे तो अक्षरशः लागला नाही. मी अनेक ताळेबंद पाहिले आहेत. जुळत नसलेल्या रकमेच्या ठिकाणी काहीतरी सोयीची रक्कम भरून खाते बंद करण्याचा मोह मी जाणतो. महाराष्ट्राहून मोठ्या समुद्राच्या खोलीचा रकाना त्या लोकांनी कोरा ठेवला, याचे मला त्यांच्या सर्व आकड्यांहून अधिक कौतुक वाटते.

असे आणखी कोरे रकाने आहेत. १० जुलै २०१३ रोजी लिजियाच्या काळ्या पृष्ठभागात एक उजळ ठिगळ दिसले. आधीच्या चित्रांत तेथे काही नव्हते, नंतर ते मावळले आणि २०१४ मध्ये वेगळ्या रूपात पुन्हा दिसले. त्याला गमतीने ‘जादूचे बेट’ म्हणतात. लाटा, बुडबुडे, तरंगता गाळ असे अनेक अंदाज झाले. २०२४ च्या आरंभी, सच्छिद्र पोळ्यासारखे सेंद्रिय पदार्थांचे तुकडे तरंगत असतील, असा विचार मांडला गेला. निर्णय व्हायचा आहे. उत्तर ध्रुवावरील पावसाचा प्रश्नही असाच दीर्घकाळ रेंगाळला होता. अखेर ७ जून २०१६ च्या एका चित्रात जमिनीचा काही भाग ओल्या फरशीसारखा चमकताना दिसला, आणि रजनी धिंग्रा या भारतीय संशोधिकेने, अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठात असताना, २०१९ मध्ये तो पावसाचा पुरावा म्हणून मांडला.

कॅसिनीचे इंधन संपत आले, तेव्हा त्याचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. ते भरकटत ठेवले असते, तर कधीतरी टायटनवर किंवा एन्सेलाडस या दुसऱ्या चंद्रावर आदळले असते. एन्सेलाडसच्या बर्फाखाली पाण्याचा समुद्र आहे. तेथे सूक्ष्म जीव असतील-नसतील. पण असलेच, तर यानाला चिकटून गेलेल्या पृथ्वीवरील जंतूंनी त्यांना बाधा पोहोचू नये, म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते यान हेतुपुरस्सर शनीच्या वातावरणात सोडून जाळून टाकण्यात आले. न पाहिलेल्या, सिद्धही न झालेल्या जीवांसाठी वीस वर्षे सांभाळलेले साधन सोडून देण्यात आले. आपल्या सभेत याचे वेगळे विवरण करण्याची गरज नाही.

आता पुढे काय? येथे मला थोडी रुखरुख आहे. लिजियावर प्रत्यक्ष तरंगणारे एक छोटे यान पाठविण्याची योजना तयार होती. २०१६ मध्ये निघून २०२३ मध्ये ते तेथे पोहोचले असते. २०१२ च्या निवडीत त्याऐवजी मंगळावरील एका मोहिमेला पसंती मिळाली. दोन्हींना पुरेल एवढी रक्कम नसेल, हे व्यापारी म्हणून समजते. तरी हळहळ वाटतेच. २०१९ मध्ये नासाने ‘ड्रॅगनफ्लाय’ या मोहिमेस मान्यता दिली. आठ पंख्यांचे, अणुऊर्जेवर चालणारे हे उडते यान जुलै २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये टायटनवर उतरावे असे नियोजन आहे. पण ते उतरणार विषुववृत्ताजवळच्या वाळूत, सरोवरांपासून हजारो किलोमीटर दूर. कारण असे की शनीचे एक वर्ष म्हणजे आपली साडेएकोणतीस वर्षे. मे २०२५ मध्ये तेथे उत्तरेत शरद संपाताचा दिवस येऊन गेला, आणि उत्तर ध्रुवावरील समुद्र आता दीर्घ रात्रीकडे सरकत आहेत. ड्रॅगनफ्लाय पोहोचेल तेव्हा तेथे भर हिवाळा असेल. ना सूर्य दिसेल, ना संदेश पाठविण्यासाठी पृथ्वी.

त्या समुद्रांवर पुन्हा ऊन पडू लागेल ते २०३९ च्या सुमारास. मी तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर असेन. आपला ट्रस्ट पन्नास वर्षांचा झाला, म्हणजे शनीच्या पंचांगाने त्याला अद्याप दोन वर्षेही पुरी झालेली नाहीत, आणि माझी जेमतेम दोन झाली आहेत. समोर बसलेल्या बालमित्रांचे तर शनीचे अर्धे वर्षही व्हायचे आहे. क्राकेनची खोली मोजण्याचे काम शिल्लक आहे, एवढे त्यांनी ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता दुर्बिणीकडे जाऊ. रांग एकच करावी. लहान मुलांना आधी पाहू द्यावे, त्यानंतर वडीलधाऱ्या मंडळींना. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली आहे. दुर्बिणीला हात लावू नये, नाहीतर शनी निसटतो आणि युवक मंडळाला तो पुन्हा शोधत बसावे लागते. टायटन मधोमध दिसणार नाही. शनीच्या बाजूला, त्या रेषेच्या सुमारासच, एक बारीकसा ठिपका शोधावा. पहिल्या दृष्टीत दिसला नाही तर घाई करू नये. डोळा अंधाराला सरावला की तो दिसतो.